सहावा गोळा

“सहा म्हणजे सहा. सहाचे पाच व्हायला ती काय खोबऱ्याची वडी आहे, येताजाता कुणी उचलून तोंडात टाकायला?”

गोदावरीआई हे नारळाला सांगत होत्या. विळीवर बसल्या की त्या नारळाशीच बोलत. नारळ उलट उत्तर देत नाही आणि चार घरी जाऊन सांगतही नाही, असं त्यांचं म्हणणं. पण सुचिता त्यांच्यापासून हातभर अंतरावर उद्याच्या बिरड्याचे वाल सोलत बसली होती, तेव्हा तिला ऐकू न येण्याचा प्रश्नच नव्हता. या घरात पंचवीस वर्षं सून म्हणून राहिल्यावर तिला एक कला पक्की अवगत झाली होती, ऐकलेलं ऐकलं नाही असा चेहरा करायची. आज मात्र तो चेहरा जमेना.

“काय सहा, आई?”

“काही नाही. म्हटलं सहा नारळ पुरतील का.”

“उद्या साठ पानं आहेत. सहा कसे पुरतील?”

“तेच म्हणत होते मी,” आई म्हणाल्या आणि करवंटी अशी खरवडली की खाली काळं यायला लागलं.

नारळाचा विषय तिथेच संपला. दोघींनाही माहीत होतं की तो नारळाचा विषय नव्हता.

उद्या सुचिताच्या सासऱ्यांचं, दादांचं सहस्रचंद्रदर्शन. हजार पौर्णिमा बघितलेल्या माणसाला सुनेने आणि लेकीने ओवाळायचं, सुपारीच्या वाडीत पंगत घालायची, असं दिवाळीतच ठरलेलं. पंगतीला कोनफळाची भाजी दादांना घरचीच हवी होती, म्हणून त्यांनी स्वतः वाफे केलेले. ते वाफे मंगळवारी रानडुकरांनी असे नांगरून ठेवले की बैलजोडी लाजावी. दादांनी नुकसान बघितलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “डुक्कर हा निर्बुद्ध प्राणी नव्हे. बरोबर तयार कंदच खाल्लेत, कोवळ्याला तोंड लावलं नाही. माझ्या शाळेत असता तर मी त्याला स्कॉलरशिपला बसवला असता.” एवढं कौतुक झाल्यावर विषय मिटला असं सगळ्यांना वाटलं.

तो आज जेवताना उघडला. मुंबईहून लेक भार्गवी आणि जावई रितेश आलेले, त्यामुळे पानं ओटीवर मांडलेली. दुसरा भात वाढून झाला आणि दादा म्हणाले, “उद्याची काळजी नको. डुकरांचा बंदोबस्त केलेला आहे.” पूर्वी ‘परीक्षेची बैठकव्यवस्था केलेली आहे’ असं ज्या सुरात सांगत, त्याच सुरात.

“कसला बंदोबस्त?” सलिलने, म्हणजे सुचिताच्या नवऱ्याने, विचारलं.

“गोळे. डुकराने चावला की फुटतो. दिघीकडच्या एका माणसाकडून आणवले. काल संध्याकाळी वाडीत सहा ठेवले.”

जावयाच्या हातातला पापड मोडला.

“वाडीत?” भार्गवी म्हणाली. “उद्या जिथे पंगत आहे, त्या वाडीत?”

“पंगतीला डुकरं नकोत म्हणूनच तर,” दादा म्हणाले. “सुचिता, ताक वाढ.”

सुचिताने ताक वाढलं. थोडं पानाबाहेर गेलं, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आता दादांची वाडी म्हणजे काय प्रकार आहे हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दादा गावच्या शाळेत चौतीस वर्षं होते, त्यातली वीस मुख्याध्यापक. दर वर्षी सातवीची मुलं शाळा सोडून गेली की त्यातल्या ज्यांच्यावर जीव जडला असेल त्यांच्या नावाने दादा वाडीत सुपारीचं एकेक रोप लावत. झाडाला पाटी नाही, खूण नाही. सगळं हजेरीपुस्तक दादांच्या डोक्यात. घरातही मग तीच भाषा रूढ झाली. “यंदा राहीला घड चांगला धरलाय.” “रावजीला पाणी पोचत नाही, पाट काढा.” “ओंकार वाकडाच वाढला. बाकावरसुद्धा तसाच बसायचा.” भार्गवीचं लग्न होऊन रितेश पहिल्यांदा आला तेव्हा, ‘साक्षीला कीड लागली, उद्या औषध मारू’ हे ऐकून तो बिचारा रात्रभर झोपला नव्हता.

तर गोळे कुठे ठेवले हे दादांनी त्याच पद्धतीने सांगितलं. रावजीच्या बुंध्याशी एक, राहीच्या मागे एक, ओंकारच्या डाव्या अंगाला, साक्षीजवळ पाटाच्या कडेला, जीवनच्या पायाशी. सलिल सुपात भाताचा कोंडा पसरून निघाला. त्याच्या मागे रितेश. डोक्याला सलिलच्या स्कूटरचं हेल्मेट, हातात छत्री.

“छत्री कशाला?” भार्गवीने विचारलं.

“आई म्हणाल्या, घेऊन जा,” हेल्मेटच्या आतून रितेश म्हणाला. सासुरवाडीत आईंचं म्हणणं मोडायचं नाही, एवढं त्याला पंधरा वर्षांत समजलेलं.

पाच गोळे तासाभरात मिळाले, अगदी सांगितल्या जागी. सलिलने ते एकेक करून सुपातून आणले, बाळ आणावं तसे, आणि मागच्या पडक्या गोठ्यात पाण्याच्या बादलीत सोडले. दादा झोपाळ्यावरून बघत होते. “बघितलंत?” ते म्हणाले. “एक नाव चुकलं नाही.” आणि खरोखरच, त्या वेळी सगळ्यांनाच कौतुक वाटलं.

“आणि सहावा, दादा?” सलिलने विचारलं.

“सहावा दीपेशजवळ.”

सलिलने सूप खाली ठेवलं. रितेशने हेल्मेटची काच वर केली आणि परत खाली घेतली.

निसर्ग वादळ आलं तेव्हा वाडीत दोनशे बारा झाडं होती. एका दुपारीत एकशे एकोणीस आडवी झाली. दादा पुढचे तीन दिवस हातात काठी घेऊन वाडीत फिरले होते. प्रत्येक उपटलेल्या मुळापाशी थांबून नाव घेत होते आणि स्वतःच म्हणत होते, “गैरहजर.” एकशे एकोणीस वेळा. चौथ्या दिवशी झोपाळ्यावर येऊन बसले, “वर्ग निम्मा झाला,” म्हणाले आणि चहा मागितला. त्या गैरहजरांत दीपेश पहिल्याच रांगेतला. त्याच्या खोडाचा सलिलने पाटावर साकव टाकलाय. दादा रोज सकाळी त्या साकवावरून पलीकडे जातात.

सलिल जाऊन आला. “दीपेशजवळ नाही मिळाला, दादा,” एवढंच म्हणाला.

“मग शुभमजवळ असेल.”

शुभमही वादळातच गेलेला. सलिल तिथल्या खड्ड्याभोवती फिरून आला. मग दादा रामचंद्रजवळ म्हणाले. तिथे आता सलिलने लावलेली नवी, बिननावाची रोपं होती. सलिल त्यांच्यातही वाकून वाकून शोधून आला आणि पायरीवर बसला. त्याचं तोंड बघून सुचिताला कळलं की तो गोळा शोधत नव्हताच, वडिलांपुढे काय बोलावं ते शोधत होता.

अडीच वाजता घराची सभा भरली. ओटीवर झोपाळा, झोपाळ्यावर दादा, समोर बाकीचे. सुचिता वालाचं ताट घेऊन दाराच्या उंबऱ्यात बसली. सभेत असून नसल्यासारखं व्हायला उंबऱ्यासारखी जागा नाही.

भार्गवी उभी राहिली. जमिनीत पेरलेले सुरुंग आणि असली शस्त्रं जगातून हद्दपार व्हावीत म्हणून झटणाऱ्या मुंबईतल्या एका संस्थेत ती बारा वर्षं कामाला. अकरा देश फिरलेली. तिच्या भाषणाबरोबर पडद्यावर दाखवायची चाळीस चित्रं असतात, पण घरच्यांनी चौथ्या चित्रापलीकडे कधी काही ऐकलेलं नव्हतं. तिथपर्यंत कुणीतरी चहा टाकायला उठतंच.

“दादा, दोन वर्षांपूर्वी मी सुरुंगबंदीचं पत्रक पाठवलं होतं. तुम्ही त्यावर सही केलीत.”

“केली. पदवीसकट केली. बी. ए., बी. एड.”

“मग?”

“ते युद्धातलं. हे शेतीतलं.”

“फरक काय?”

“तिथे बळी माणूस पडतो. इथे डुक्कर.”

“हे गोळ्याला माहीत आहे का?” भार्गवी म्हणाली. “दादा, बंदुकीमागे निदान एक माणूस असतो. तो बघतो, समोर कोण आहे. मारू नये वाटलं तर खाली करतो. गोळा बघत नाही. त्याच्यावर डुकराचा दात पडला काय, वासराची जीभ पडली काय, कुणाचा हात पडला काय. म्हणून जगात त्याच्यावर बंदी मागतात. शत्रूला मारू नका असं कुणी म्हणत नाही. न बघता मारू नका, एवढंच.”

सुचिताच्या हातातला वाल तसाच राहिला. इतकं साधं बोलते ही आणि आपण बारा वर्षं चहा टाकायला उठत होतो.

“पटतं,” दादा म्हणाले. ते नेहमीच न्यायाने वागणारे. “तत्त्व म्हणून पटतं. जगाने बंदी घातलीच पाहिजे. आपल्या वाडीचा प्रश्न वेगळा आहे.”

“प्रत्येक देश हेच म्हणतो!”

“मग त्या देशांतही डुकरं असतील.”

“भार्गवी, बस गं जरा,” आई आतून म्हणाल्या. “तुझं सगळं बरोबर आहे. पण ते लोक फार लांबचे आहेत.”

“लांबचे? मागचं कुंपण बघ, आई. कुंपणापलीकडे लांबचेच लोक सुरू होतात. आणि कायद्यानेही हे गोळे ठेवायला बंदीच आहे. मी पोलिसांना फोन करते. त्यांची माणसं येतील, शोधतील.”

“अजिबात नाही,” सलिल उठला. “उद्या चंद्र दाखवायचाय त्यांना. लॉकअपच्या गजांतून दाखवू?”

“आणि सहावा गोळा कुणाच्या हाताला लागला तर?”

“लागणार नाही. मी वाडीला दोरी लावतो. पंगत अंगणात घेऊ.”

“किती दिवस दोरी? वर्षभर?”

इथे घराचे दोन पक्ष पडले. फोन करा म्हणणारे भार्गवी आणि रितेश. दोरी लावा म्हणणारे सलिल आणि आई. रितेश म्हणाला, “एक काम करते हैं. नवी मुंबईत माझा एक दोस्त आहे, त्याच्याकडे ड्रोन आहे. वरून शोधू. टेन्शनच नाही.” सलिलने विचारलं, सुपारीच्या झावळ्यांखालचं वरून कसं दिसणार? रितेश विचारात पडला. तेवढ्यात आई बाहेर आल्या आणि त्याच्यासमोर ओल्या खोबऱ्याच्या वड्यांची ताटली ठेवली, वेलदोडा घातलेली. दुसरी वडी संपता संपता रितेशचं मत असं झालं की पोलीसबिलीस जरा जास्तच होतं, घरातली गोष्ट घरात राहावी. भार्गवीने नवऱ्याकडे बघितलं. अकरा देशांत तिने हेच पाहिलं असणार, फक्त तिथे वड्या वेगळ्या असतील.

“एक विचारू, दादा?” ती आता हळू आवाजात म्हणाली. “तुम्ही गोळे संध्याकाळी ठेवलेत. सकाळी उचलणार होतात ना?”

“अर्थात. सकाळी वाडीत माणसं येतात. मला कळत नाही का?”

“मग सकाळी का नाही उचललेत?”

झोपाळ्याची कडी करकरली. दादांनी पायाने झोपाळा थांबवला.

“सकाळी,” ते म्हणाले, “सकाळी कामं होती.”

“मीच पाठवलं त्यांना बाजारात,” आई घाईघाईने म्हणाल्या. “विड्याची पानं आणायला.”

विड्याची पानं सुचिताने आणली होती. दादा सकाळभर याच झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते, आणि तो पेपरही कालचाच होता, हे तिने तेव्हाच बघितलं होतं. आजचा पेपर टीपॉयवर घडी न मोडता पडलेला. तिने तो उचलून हळूच त्यांच्या हाताशी ठेवला होता. तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. दोघींची नजरानजर झाली होती, आणि दोघींनी लगेच दुसरीकडे बघितलं होतं. तिला आत्ता वाटलं, या घरात आपण एकट्याच नाही त्या कलेत तरबेज.

भार्गवी तिचं नेहमीचं भाषणच पुढे बोलायला लागली. “सुरुंगांचं हेच आहे, दादा. जो पेरतो तो निघून जातो, तो—”

ती थांबली.

“तो काय?” दादांनी विचारलं. वाक्य अर्धं सोडलेलं त्यांना कधीच खपत नसे.

“त्याची... बदली होते,” भार्गवी म्हणाली.

हे वाक्य सुचिताला माहीत होतं. चौथ्या चित्रापर्यंतच ऐकलं असलं तरी पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलेलं तिने वाचलं होतं. ‘पेरणारा निघून जातो, पेरणारा विसरतो, सुरुंग विसरत नाही.’ भार्गवीने मधला तुकडा गिळला होता. परदेशी मंत्र्यांसमोर न डगमगणारी बाई. सुचिताला तिची फार माया आली, आणि थोडा रागही.

“बदली सगळ्यांचीच होते,” दादा समंजसपणे म्हणाले. “माझी माणगावला झाली होती. रद्द करून घेतली.”

सलिलने दोरी आणायला जाण्याचं निमित्त काढलं. रितेशने तिसरी वडी घेतली. तेवढ्यात फाटक वाजलं.

तुळशी होती. कमरेला पदर खोचलेला, काखेत खराटा, हातात सुपाऱ्या वेचायची टोपली. उद्याच्या पंगतीसाठी वाडी झाडून घ्यायला तिला चारला बोलावलेलं होतं. सुचिताने दुपारपासून तिला तीन फोन केले होते, पण तिचा फोन तिचा मुलगा घेऊन हिंडतो. त्यात ती वेळेआधी अर्धा तास आलेली. कामाच्या बाबतीत तिचं नेहमी असंच.

“राम राम गुरुजी! सूर्य हाय तवर उरकते म्हनलं. झावळ्या लई पडल्यात.” आणि ती सरळ वाडीच्या वाटेला लागली.

“तुळशी!” सलिल ओरडला. “आज नको.”

“का वो?”

“तिकडे... साप दिसलाय.”

तुळशी हसली. “सलिलभाव, मी काय सापाला भिते? मागल्या साली तुमच्या न्हानीघरातला कोनी काढला? तुमी टेबलावर चढला व्हता.”

“मधमाश्यापण आहेत,” भार्गवी म्हणाली. सत्यासाठी बारा वर्षं झगडलेल्या बाईच्या तोंडून ते इतकं कच्चं निघालं की तिचे कानच लाल झाले.

“आणि बिबट्या,” रितेशने भर घातली.

तुळशीने एकेकाकडे नीट बघितलं. “साप, माश्या आन् बिबट्या. समदे एकाच दिशी आलं? तेन्लाबी पंगतीचं आवतान दिलंया काय?”

सुचिताने ताट खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांपुढे वाडी झाडायची तुळशीची पद्धत आली. खराटा आधी नाही. आधी ओणवं व्हायचं, दोन्ही हात पाचोळ्यात घालायचे, चाचपत सुपाऱ्या वेचून टोपलीत टाकायच्या, आणि मग मागे खराटा. तिचे हात पाचोळ्यात जातात ते न बघता. बघायची तिला गरजच पडत नाही. गप्पा मारत मारत वेचते.

“तुळशी, वाडीत गोळा आहे,” सुचिता म्हणाली. “डुकरांसाठी ठेवलेला. फुटणारा. पाच काढले, एक मिळत नाहीये.”

सलिलने कपाळावर हात मारला. आईंच्या हातातली करवंटी आत कुठेतरी आपटल्याचा आवाज आला. तुळशीचं हसू मावळलं. तिने टोपली जमिनीवर ठेवली आणि सुचिताला सोडून झोपाळ्याकडे बघितलं.

“व्हय गुरुजी? हाय का न्हाय? तुमी सांगा.”

दादा उठून उभे राहिले. धोतराचा सोगा सारखा केला. वर्गात उभे राहत तसेच, ताठ. त्यांचे डोळे सगळ्यांवरून फिरले. सलिल, भार्गवी, जावई, सून. सगळेजण आपल्याकडे कशासाठी बघतायत, हे शोधत होते ते. आणि मग सुचिताला दिसलं, त्यांना ते सापडलं, आणि ते त्यांनी तसंच झाकून टाकलं.

“काही नाही तिथे,” ते म्हणाले. “पाच ठेवले होते. पाचही काढले. जा तू.”

“दादा, जेवताना तुम्ही सहा म्हणालात,” भार्गवी म्हणाली.

“पाच म्हणालो.”

“सगळ्यांनी ऐकलं.”

“सगळ्यांनी नीट ऐकलं असतं तर एवढी वर्षं मला ओरडावं लागलं नसतं. सलिल, किती म्हणालो मी?”

सलिल पन्नाशीचा माणूस. केस पांढरे झालेले, सहकारी बँकेत अधिकारी. त्याने ओटीच्या आढ्याकडे बघितलं, मग पायाच्या अंगठ्याकडे. “असतील... पाचच असतील,” तो म्हणाला.

“बघा!” तुळशी खुलली. “गुरुजींनी सांगितलं म्हंजे झालं. मी चौथीत व्हते तवा माझा बाप मला शाळंतनं काढाया आला. गुरुजी तेला म्हनले, हिचं एकोनतिसाचं पाढं आईक आन् मग काढ. न्हाय काढली मला त्या दिशी. आज मी गुरुजींचं आईकनार का तुमचं?” तिने टोपली उचलली. “वयनी, तुमी उगा भिता. तुमी मुंबईच्या व्हय. कायतरी आईकता आन् भिता.”

“मी मुंबईची नाही गं, अलिबागची,” सुचिता म्हणाली. त्या घटकेला हे सांगायची काहीच गरज नव्हती, पण दुसरं काही सुचलं नाही.

तुळशी चालायला लागली. साकव ओलांडला की पलीकडे वाडी. दादा झोपाळ्यावर बसले आणि त्यांनी पेपर उघडला. भार्गवीच्या हातात फोन होता आणि नंबर लावलेला नव्हता. रितेश उभा राहिला होता, बसला, परत उभा राहिला. सलिल, “तुळशी, अगं, आज राहू दे म्हणतो ना मी,” असं म्हणाला, पण ज्या आवाजात माणूस दुसरा लाडू नको म्हणतो त्या आवाजात.

सुचिता उंबऱ्यावरून उठली ती अनवाणीच धावली. अंगणातून, तुळशीवृंदावनाला वळसा घालून, साकवाच्या तोंडाशी जाऊन तिने दोन्ही हात आडवे केले.

“जाऊ नकोस.”

“अवो पर गुरुजी म्हनले ना, न्हाय म्हनून.”

“म्हणाले.”

“मग? गुरुजी खोटं बोलतात म्हनता?”

“नाही,” सुचिता म्हणाली. “खोटं नाही बोलत ते.”

“मग?”

मग काय, ते जिभेवर होतं. पण सून म्हणून या घरात आलेल्या बाईने ते बोलायचं, कामाला येणाऱ्या बाईसमोर, उद्या ज्यांना ओवाळायचं त्यांच्याच कानावर जाईल अशा आवाजात? तिने मागे वळून ओटीकडे बघितलं. सलिल बघत होता. भार्गवी बघत होती. दोघांच्या डोळ्यांत एकच होतं, तू बोल. आपल्या बापाविषयीची गोष्ट परक्या घरातून आलेल्या सुनेच्या तोंडून वदवून घ्यायला दोन्ही मुलं एका सेकंदात एका पक्षात आली होती.

“सरका वयनी,” तुळशी म्हणाली, रागाने नव्हे, प्रेमाने, आणि सुचिताचा एक हात बाजूला करून तिने साकवावर पाऊल ठेवलं.

“थांब!”

आई आल्या होत्या. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने, दोन्ही हात खोबऱ्याच्या दुधाने माखलेले, पदर सुटलेला. एवढ्या वेगाने त्यांना चालताना सुचिताने गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर बघितलंच नव्हतं. त्यांनी त्या चिकट हाताने तुळशीचं मनगट धरलं आणि तिला मागे ओढलं.

“मागे हो. त्यांचं ऐकू नकोस.”

“आवो आई, पर—”

“ऐकू नकोस म्हणते ना! त्यांनी पाच म्हटलं तरी नाही, सहा म्हटलं तरी नाही. किती ठेवले ते त्यांना माहीत नाही. कुठे ठेवले तेही नाही.”

ओटीवर पेपर खाली आला. “गोदावरी,” दादा म्हणाले. सगळ्यांसमोर ते कधी आईंना नावाने हाक मारत नसत. “काय बोलतेस?”

तुळशीचं मनगट आईंनी सोडलं नाही. त्या तशाच वळल्या, अंगणाच्या पलीकडे झोपाळ्यावरच्या माणसाकडे बघत. वर्षभर त्या हे सगळ्यांपासून लपवत आल्या होत्या. नावं आधीच पुटपुटून देत होत्या, औषधं स्वतः मोजत होत्या, पाहुण्यांसमोर त्यांची अर्धी वाक्यं पुरी करत होत्या. त्यांचा आवाज मुळीच चढला नाही. उलट इतका खाली आला की सलिल दोन पायऱ्या उतरून पुढे आला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला आठवत नाही. आता काहीच आठवत नाही तुम्हाला.”